ओहोटीला पोचलो आम्ही

दांडिया बाजारातून निघताना
वरच्या मजल्यावरच्या शेवंतामावशीनं
पिशवीत एक नारळ घेतला
आणि एक धुतलेलं पातळ, भिजल्यावर बदलायला.
एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला म्हणालं होतं,
चल, समुद्र इथूनही काही लांब नाही.

पुलाखाली विश्वामित्री नेहमीसारखी,
शेवाळी, आंबूस,
काठावर मगर पडलेली, फेकून दिलेल्या टायरसारखी.
मग पादरा, भाजीचे टेम्पो, कपाशी, तुरी.
जंबुसरनंतर झाडं ठेंगणी होत गेली,
शेवटी नुसती वेडी बाभूळ
आणि मिठानं पांढरी पडलेली जमीन.
रस्ता संपला तिथं पाटी नव्हती, चहाची टपरी नव्हती.
उंट होता एक, तिवराचा पाला चघळत,
आमच्याकडं बघायचेही कष्ट न घेणारा.

मावशी बांधावर चढली. पदर खोचला.
समोर चिखल. त्यापुढं चिखल.
नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा
क्षितिजापर्यंत चकाकणारा,
आणि पाणी कुठंच नाही.

"हा?" ती म्हणाली.
एवढंच.

मी काय सांगणार होते?
वेंगुर्ल्याची ती. तिच्या समुद्राला वाळू आहे,
सुरूची झाडं आहेत, रात्रभर उशाशी आवाज आहे.
लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर
इथल्या शांततेनं डोळा लागला नव्हता तिचा.

मी निवटे दाखवले, डोळे डोक्यावर घेऊन
परांवर रांगणारे.
दाभणासारखी चोच गाळात खुपसणारा कुरव दाखवला.
लांबवर एक फिकट गुलाबी रेघ होती,
ती उडाली तेव्हा कळलं, रोहित.
"पक्षी काय," मावशी म्हणाली,
"सूरसागरावरही असतात."

जाळ्याचे खांब तपासत एक माणूस चालत आला,
मांडीपर्यंत राखाडी. सोमाभाई.
"बेसो, बा," तो म्हणाला, "दरियो हमणां आवशे."
बाजारात गेलेल्या मुलाबद्दल सांगावं, तसं.

बसलो. नारळ तिच्या मांडीवर.

आधी पक्षी उठले.
मग उंट, कुणी न हाकता, मागं वळला.
मग आवाज आला, पण लाटांचा नव्हे,
हजार सुपांतून एकदम तांदूळ पाखडल्यासारखा,
आणि चिखलातले चर, ओघळ, आंधळ्या भेगा
आतूनच भरू लागल्या.
फेस नाही. निळं काही नाही.
चहाच्या रंगाचं पाणी,
चालत्या माणसाहून जरा वेगानं,
थेट आमच्याकडं,
विसरलेलं काही न्यायला आल्यासारखं.

मावशी उतरली.
मी हात धरायच्या आत गुडघ्यापर्यंत रुतली.
सोमाभाईनं बखोट धरून ओढलं. पाय सुटला,
चप्पल राहिली.
बघता बघता तिच्यावर पाणी.
आणि मावशी,
जिच्या तोंडून मी जन्मभर
घोटून पुसलेली बडोद्याची मराठी ऐकली,
कमरेवर हात ठेवून त्या पाण्यावर ओरडली:
"मेल्या! माझी चप्पल दी! चोर खंयचो!"

नारळ तिनं वाहिला नाही.
फेकला. नेम धरून.

येताना एका पायात चप्पल.
पोटऱ्यांवरचा चिखल वाळून तडकत होता,
तिनं तो धुऊ दिला नाही.
पादऱ्याला भजी खाता खाता मध्येच म्हणाली,
"वास मात्र तोच."

रात्री तिच्या मोरीत मी पाय चोळून दिले.
राखाडी पाणी भोकातून गेलं खाली,
गटारात, तिथून विश्वामित्रीत,
मगरीच्या पोटाखालून ढाढरमध्ये, आणि मग
पुन्हा तिकडंच.
"किती दिवस लागतील त्याला?" तिनं विचारलं.
मला माहीत नव्हतं.

उरलेली चप्पल
अजून तिच्या दाराबाहेर आहे.
केर काढणारी बाई रोज उचलते, झाडते,
परत ठेवते.